उंबऱ्यावरचं खाकरणं

४ जून १९७४, कराड
न्हाई, उंदरांस्नी मी भीत न्हाई. सारी उमर पलटणीत काढली, आता पांढऱ्या उंदरांस्नी भिऊ व्हय? डाक्टरच्या प्रयोगातल्या उंदरांची राखण, ही नवी नोकरी. जागा झ्याक हाय. फुडं डाक्टरची खोली, मदी जनावरघर, मागं आमची खोली. कुंडल गावासनं बायकू राहीबाई बी आली. चूल मांडता मांडता म्हनली, सायेब झालासा की, उंदरांचं!

९ जून
डाक्टर लालासाहेब शिकलेला गडी, पर लय बोलतो. म्हनला, आबा, मेंदूला बी वांग्यागत देठ असतो. त्या देठात कणीएवढा ठिपका. भ्या तितनंच उठतं, आन् शिकलेलं तितनंच पक्कं हुतं. तो घंटी वाजवतो, मग उंदराच्या पायाला बारीक करंट. दुसऱ्या दिशी नुसत्या घंटीनं उंदीर दगडागत थिजतो.

१५ जून
आज डाक्टर माझ्यावर डाफरला. मी दारात खाकरतो म्हनं. खाकरणारच! उंबरा वलांडायच्या आदी बापय मानसानं खाकरावं, आतल्या बायांस्नी पदर सावरता येतो. घरची रीत हाय. पर मी खाकरून आत आलो की डाक्टरचा करंट सुरू, रोजचंच. उंदीर घंटी इसरले आन् माझ्या खाकरण्यालाच भ्यायला शिकले.

२१ जून
एका उंदराचा त्यो ठिपका डाक्टरनं जाळला. आता ते उंदरू भीत न्हाई, शिकत बी न्हाई. मी खाकरलो तर खिशात येऊन बसलं. ब्येस हाय गडी.

२६ जून
आपल्याच दारात खाकरलो. अंगावर सर्रकन काटा. पाय हलंनात. राही आतनं म्हनली, आवं या की आत, आवतन धाडू का?
तसाच, न खाकरता आत गेलो.
खाकरणं सोडलं.

२९ जून
दुपारी पिंजऱ्यातला पेंढा बदलत व्हतो. एकाएकी समदे उंदीर दगड. मी तर खाकरलो न्हाई. मग भाईर कुनीतरी खाकरलं —
माझंच खाकरणं.
भाईर कोन न्हाई.

३० जून
जेवायला घरी गेलो. दार लोटलेलं. आत राही कुनाला तरी म्हनतीया, आवं, अजून अर्दी भाकर घ्या की.
हाक मारली. ती म्हनली, कोन हाय भाईर? मालक तर आत्ताच खाकरून आत आल्यात.
मग आतनं खाकरलं.
खिशातलं ते उंदरू — ज्याचं भ्याच जाळलंय — ते बी दगड.
पाय मागं पळालं. ते माझं काम न्हाई, पायांचं.

सांज
जनावरघरात बसलोय. राहीचा आवाज येत न्हाई. जायला पायजे — उठतो — आमच्या खोलीच्या दारापतूर गेलो, आतनं माझंच खाकरणं आलं, आन् —
मी आत गेलो का न्हाई, ते इचारू नका. सांगणार न्हाई.