हात मध्येच तुटतात

३ फेब्रुवारी, सोम.
मरोळच्या गाळ्यात आजपण एकटीच. साहेबांनी बाकी तिघांना घरून काम करा म्हणून सांगितलं, मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं, घरी नेट चालत नाही. नेट झकास चालतं. पण आई गेल्यापासून विक्रोळीच्या घरात दुपारी फक्त फ्रिजचा आवाज येतो. तो ऐकत एडिटिंग होत नाही.
नवीन काम आलंय. मुलुंडच्या एका संस्थेचे बारा धडे. ज्यांची पोरं बहिरी आहेत अशा आईबापांना खुणांची भाषा शिकवायची. शिकवणाऱ्या अलका मॅडम स्वतः बहिऱ्या. शूट त्यांच्या भाचीने फोनवर केलंय. मागून बोलणारा आवाजही भाचीचाच.
पहिला धडा एक्सपोर्ट केला तर मधेमधे हिरवे चौकोन. मॅडमच्या गालावर, भिंतीवर. टाइमलाइनवर काही नाही, फाइल बाहेर आली की येतात. मॅडमना तशीच पाठवून कळवलंय. बघू.

४ फेब्रु.
कॅशे उडवली. हिरवं तसंच. ग्राफिक्स कार्डाचा जुना ड्रायव्हर टाकला. तसंच. शेवटी कार्डावरचं एक्सपोर्ट बंद केलं आणि सगळा भार प्रोसेसरवर. चार मिनिटांच्या धड्याला पस्तीस मिनिटं, पण फाइल स्वच्छ. पाठवली. "झालं मॅडम, ग्लिच गेला."
आज दिवसभरात तोंडाने बोलले ते एवढंच: "एक कटिंग." "साखर कमी."

६ फेब्रु.
अलका मॅडमचा मेसेज: "हिरवं गेलं. हात तुटतात."
कुठे, विचारलं.
"सगळीकडे."
तीनदा बघितला धडा. आवाज बरोबर, म्युझिक बरोबर, कट बरोबर. काहीही तुटत नाहीये. लिहिलं, तुमच्या फोनमधे अडकत असेल मॅडम.
उत्तर: "फोन चांगला आहे. तुम्ही ऐकताय. बघा."
राग आला. वीस वर्षं हेच करतेय मी.

७ फेब्रु.
स्पीकर बंद करून बसले. एकेक फ्रेम पुढे. एक मिनिट चौदा सेकंदावर दिसलं. हात छातीपासून निघतो आणि एकदम हनुवटीपाशी. मधला प्रवासच नाही. पुढे गेले, तर एके ठिकाणी तीच फ्रेम दोनदा आणि तिसरी गायब. मग परत. मग परत.
आवाज चालू असला की डोळा हे सगळं भरून काढतो. आवाज नसला की हात तुटलेलेच दिसतात.
मॅडमना लिहिलं, दिसलं. त्या म्हणाल्या, खुणेचं शेवटचं वळण गेलं की दुसरीच खूण होते. "आईबाप बाळाला भलतंच शिकवतील. बाळाला वाटेल, आईला आपलं कळतच नाही."

१० फेब्रु., सोम.
सापडलं. चूक सॉफ्टवेअरची नाही, माझी. टीव्हीच्या कामाची सवय, सेकंदाला पंचवीस फ्रेमची टाइमलाइन डोळे मिटून लावते. फोनचं शूट तिसाचं. म्हणजे प्रत्येक सेकंदाला पाच फ्रेम मीच फेकून देत होते. वर फोन उजेड कमी झाला की आपणहून कमी फ्रेम घेतो, कधी अठ्ठावीस, कधी बावीस. दोन्ही मिळून वाट लागली.
उपाय: आधी सगळ्या क्लिप एका ठरलेल्या तिसावर बदलून घ्यायच्या. टाइमलाइन तिसाची. दोन फ्रेम मिसळणारं सेटिंग बंद. अख्खे बारा धडे पहिल्यापासून.
मॅडमना सांगितलं, चूक माझी. त्यांनी विचारलं, आधी का नाही दिसलं? मी लिहिलं, सवय. मग का कोण जाणे, लिहून टाकलं: माझा भाऊ बहिरा आहे. जन्मापासून.
वर "टायपिंग" किती वेळ दिसत होतं. मग आलं एकच वाक्य.
"मग तुम्हाला दिसायला हवं होतं."

११ फेब्रु.
काम नीट झालं नाही. तेच वाक्य.
मिलिंद माझ्याहून तीन वर्षांनी लहान. चेंबूरला राहतो, बायको रेश्मा, तीही बहिरी. त्याची भाषा तो नवव्या वर्षी शाळेच्या वसतिगृहात शिकला. सुट्टीला घरी आला की हात थांबायचे नाहीत. आईने त्याच्याकडून शिकून घेतली, अर्धीमुर्धी का होईना. मी नाही. मला त्याचं जे काही कळायचं ते आईकडून. "तो म्हणतोय तुझी वेणी चांगली दिसते." "तो म्हणतोय तू त्याच्याशी बोलत नाहीस."
आई गेली आणि आमच्या दोघांमधलं बोलणंच गेलं. मेसेज करते कधीकधी. अंगठा येतो.

१४ फेब्रु.
सहा धडे गेले. मॅडम: "हात चांगले." केवढं बरं वाटलं, लहान मुलीसारखं.
घरी आले तर शेजारच्या लोखंडेकाकूंनी दाराच्या जाळीतून विचारलं, "जेवलीस का गं?" म्हटलं हो. त्यांना आत या म्हणायला हवं होतं.

१७ फेब्रु., सोम.
सातवा धडा दुरुस्त होत नाही. संध्याकाळी अंधारात घेतलाय, फोनने मधल्या फ्रेम घेतल्याच नाहीत. जे आहे ते बदलता येतं, जे घेतलंच नाही ते कुठून आणू. मॅडमना सांगितलं, परत शूट करावं लागेल. त्या म्हणाल्या, "बुधवारी मुलुंडला या. दिवे घेऊन या."

१९ फेब्रु., बुध.
गेले. मॅडमचं वय साठच्या पुढे, सुती साडी, पायात स्पोर्ट्सचे बूट. भाची पूजा तेवीसेक वर्षांची, दोघींचे हात एवढे भराभर चालतात की मी मधे उभी राहून नुसती हसत होते. मिलिंद आमच्या घरात असाच हसत बसायचा.
शूट संपल्यावर मॅडमनी मला समोर बसवलं. धड्यातल्या खुणा करायला लावल्या. मला वाटलं येतील, शंभरदा बघितल्यात. हात उचलला आणि जमेना. मॅडमनी माझं मनगट धरून फिरवलं. पूजा म्हणाली, "आत्या म्हणतेय, तुम्ही हात नुसते कापता. ढिले सोडा."
कुणीतरी हात धरला त्याला बरेच महिने झाले.
निघताना मॅडमनी विचारलं, पूजामार्फत: "भाऊ बोलत नाही का तुमच्याशी?"
म्हटलं, नाही. का, ते नाही सांगितलं.

२० फेब्रु.
इथे लिहिते तरी.
आईचं पुण्यानुमोदन, तिच्या आठवणीत ठेवलेला कार्यक्रम. समाजमंदिराचा हॉल भरलेला. मामा बोलले, आईच्या मंडळातल्या बायका बोलल्या, शेजारी बोलले. दोन तास. मिलिंद पहिल्या रांगेत. त्याला कुणी एक शब्द सांगितला नाही. शेवटी तो उठला, पुढे गेला, सगळ्यांकडे तोंड करून हात हलवायला लागला. त्याला आईबद्दल बोलायचं होतं. मामांना वाटलं त्याला तहान लागली. ग्लास आणून त्याच्या हातात दिला.
मला माहीत होतं तो पाणी मागत नाहीये. एवढं तरी कळत होतं. पण लोक बघत होते, मला लाज वाटली. मी हाताने त्याला "बस, बस" केलं. ती खूण मला येते. घरात लहानपणापासून तीच जास्त केली.
त्याने ग्लास खाली ठेवला आणि रेश्माला घेऊन गेला.

२२ फेब्रु.
मामेभाऊ राकेशने तेव्हा फोनवर शूट केलं होतं. फॉरवर्ड झालेली फाइल मिळाली. मिलिंद उभा आहे तेवढा भाग, चाळीस सेकंद. पूर्ण दिवस त्यावर. तिसावर बदललं, उजेड वाढवला, मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरकडून बनवून घेतल्या. त्याने बनवल्या, पण बोटं मेणासारखी एकमेकांत वितळली. सहा बोटांचा हात.
तरी अलका मॅडमना पाठवलं, मूळ आणि दुरुस्त दोन्ही. लिहिलं, हा माझा भाऊ. काय म्हणतोय?

२४ फेब्रु., सोम.
मॅडमचं उत्तर. आजवरचा त्यांचा सगळ्यात मोठा मेसेज.
"सुजाता, दुरुस्त केलेलं खोटं आहे, पुसून टाका. मूळ पाहिलं. 'आई' दिसतं. 'मला' दोनदा. मग हात तुटतात. शेवटी 'बहीण' आणि पुढे काहीतरी, ते दिसत नाही. मी अंदाज करणार नाही. तो जिवंत आहे ना? त्याला विचारा."
'बहीण' आणि पुढे काहीतरी.
दुरुस्त केलेली फाइल पुसली.

२६ फेब्रु.
मॅडमना विचारलं, "त्या दिवशी तू काय म्हणालास" हे कसं करायचं? त्यांनी व्हिडिओ पाठवला, अगदी हळू केलेला. दुपारभर गाळ्यात सराव. शेजारच्या गाळ्यातला पॅकिंगवाला दारातून डोकावला, "मॅडम, कुणाला बोलावताय?" लाजच वाटली. मग म्हटलं, हो, बोलावतेय.
सात वेळा शूट केलं. एडिट नाही केलं. पाठवलं.
दोन निळ्या खुणा लगेच. बाकी काही नाही.

२७ फेब्रु.
काही नाही.

२८ फेब्रु.
बारावा धडा गेला. काम संपलं. मॅडमनी लिहिलं, "येत जा." मोठ्या मनाच्या बाईने म्हणावं तसं म्हटलं असेल. तरी तो मेसेज पाच वेळा वाचला.
मिलिंदचं काही नाही.

१ मार्च, शनि.
सकाळी मिलिंदचा मेसेज. अंगठा नाही, शब्द. "उद्या ११. व्हिडिओ."
घर झाडलं. कशाला, माहीत नाही, त्याला भिंतच दिसणार.

२ मार्च, रवि.
अकराला बरोबर कॉल. हात मोकळे हवेत म्हणून फोन तांदळाच्या डब्याला टेकवला. तो घसरला, पहिलं मिनिट मिलिंदला आमचं छतच दिसलं. वर आले तर तो हसत होता. केस पांढरे झालेत. कानशिलापाशी आईसारखे.
नमस्कार केला. बरी आहेस? केलं त्याने, ते कळलं. जेवतेस का, तेही कळलं. मी काहीतरी केलं त्यावर रेश्मा खोकेपर्यंत हसली. नंतर मिलिंदने लिहून सांगितलं, मी म्हणाले होते की मी रोज दुखणं जेवते.
मग मी केलं. त्या दिवशी. तू. काय म्हणालास.
त्याचे हात मांडीवर. बराच वेळ नुसता बघत होता माझ्याकडे. मला वाटलं कॉल अडकला. अडकला नव्हता, मागे पंखा फिरत होता.
मग त्याने हात वर केले आणि केलं काहीतरी. भराभर, लांबलचक, मधे डोळे पुसले. मला त्यातली एकही खूण कळली नाही. मी मान हलवली, नाही म्हणून. हळू, म्हटलं. त्याने हळू केलं नाही.
मेसेज आला: "आधी शीक. मग सांगतो."
विचारलं, किती दिवस लागतील? लिहूनच विचारलं.
त्याने खांदे उडवले. रेश्माने त्याच्याकडे वळून काहीतरी केलं, दोघं हसले. काय ते मला कळलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.
पुढच्या रविवारी अकरा, असं मात्र दोघांनीही केलं. ते कळलं.