नव्या माणसानं आधी उतरायचं

३ तारीख
पोचले एकदाची! ताई-भाऊजींची शिडाची बोट इतकी आटोपशीर आहे की दोन पावलं टाकली की डोकं आपटतं. समोर एक बेट दिसतं; गेल्या वर्षी त्यांची मुलगी, माझी भाची, याच बेटापाशी बुडाली, सापडलीसुद्धा नाही. तेव्हापासून ताईनं माणसांत मिसळणंच सोडलं होतं. आता तिनं आपणहून बोलावलं म्हटल्यावर मी हातातली कामं टाकून निघाले. माझ्या आवडीचा साबण तिनं आठवणीनं आणून ठेवलाय. मन भरून आलं.

४ तारीख
मोठी बोट काठाशी गेली तर तळ घासतो, म्हणून ती खोल पाण्यात नांगरायची आणि छोट्या होडीनं बेटाची कड धुंडाळायची. भाऊजी मोटर धरतात, ताई पुढे बसून पाण्यातले खडक दाखवते. काठ आला की मी उडी मारून दोर धरायचा. नव्या माणसानं आधी उतरायचं, हा भाऊजींचा नियम. फुकटचा खलाशी बरा मिळाला, म्हटलं त्यांना. ताई हसली. किती दिवसांनी!

५ तारीख
पुन्हा बेटाच्या त्याच वाळूच्या काठावर उतरले. मला तिथं बसवून दोघं होडीनं चक्कर मारायला गेली. अर्ध्या तासानं आली, तेव्हा मी उठून मागं पाहिलं. झाडांतून लहान, अनवाणी पावलं वाळूत उमटत आली होती आणि माझ्या पाठीशी थांबली होती. ताई म्हणाली, वेडाबाई, तुझीच असतील. मग खाली बसून त्यांच्यावरून हात फिरवत राहिली.

६ तारीख
आज तासभर एकटीला बसवून ठेवलं. झाडांत कुणीतरी उभं होतं. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. होडी समोरच होती, मोटर बंद. दोघं बघत होती, पण माझ्याकडे नाही. माझ्या मागं.
ताईला जाब विचारला. तिनं माझे केस विंचरले, म्हणाली, उद्याचा दिवस, मग घरी सोडते. मी ऐकलं. तिचं मी नेहमीच ऐकते.

७ तारीख, दुपार
दोर माझ्या हातात होता. भाऊजींनी तो कापला —
ती माझ्या शेजारून गेली. भाचीच. अंगाला पाण्याचा वास. होडीत चढली. ताईनं तिला पोटाशी धरलं —
ताई रडत ओरडली, की इथून एकाला न्यायचं तर दुसऱ्याला ठेवावं लागतं, मला माफ कर. माफ! सख्ख्या बहिणीला —
होडी दिसेनाशी झाली. झाडांतून बरेच जण येतायत. सगळे ओले. आपल्यात मला जागा करून देतायत —
मला सोडवायचं तर कुणीतरी कुणाला तरी फसवून इथं आणायला हवं. माझ्यासाठी एवढं करील असं माझं कोण आहे? एक ताईच होती, ती —