चौथा गिअर, चाळीसवर काटा

३ नोव्हेंबर, सोमवार
आज गॅरेजच्या मालकांनी इंजिन माझ्यावर सोपवलं. त्यांच्या लाल रेसवाल्या गाडीचं, आमच्या मेकॅनिक उत्कर्षने दोन महिने लावून नव्याने बांधलेलं. बांधलं त्याने, चालवणार मी. हजार किलोमीटर रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन चालवून मुरवायचं. संभाजीराव मालक म्हणाले, धनाजी, पिस्टनच्या रिंगा नव्या आहेत, नीट बसव. बसल्या तर सोळा तारखेला नोएडाच्या ट्रॅकवर माझ्यासोबत तू. नाही बसल्या तर उत्कर्ष.
उत्कर्षचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणजे बघितलं नाही, तो गाडीखाली होता. पण झालंच असणार.

४ नोव्हेंबर, सकाळी ७
मी कुणावर जळत नाही. लिहून ठेवतो. उत्कर्षकडे डिप्लोमा आहे, काळे ग्लोव्हज आहेत, आणि काउंटरवरची निधी त्याच्या प्रत्येक वाक्याला हसते. काल तो म्हणाला, गॅस्केट आ गया. ती हसली. यात हसण्यासारखं काय, याचा मी इंदरगंज चौकापर्यंत विचार करत गेलो.
आपण सातवी नापास. गाव या हिंदी मुलखापासून बाराशे किलोमीटर. पण स्टिअरिंग हातात आलं की डिप्लोमा कोण विचारतो.
त्याने डॅशबोर्डला कागद चिकटवलाय. कभी दबाओ, कभी छोड़ो. एक स्पीड पर मत चलाना. साढ़े तीन हज़ार आरपीएम के ऊपर नहीं. तोंडानेही सांगितलं, धनाजी भाई, पहले तीन सौ किलोमीटर में ही रिंग बैठती है, ज़्यादा लाड़ मत करना.
नव्या इंजिनाला दाबा म्हणे. डाव कळला. इंजिन माझ्या पायाखाली फुटावं आणि ट्रॅकला हा जावा.
आमच्या काकांचा टेम्पो चोवीस वर्षं चालला. काका सांगायचे, नवं इंजिन म्हणजे चाळीस. काटा हलला की मुस्काटात.
ठरलं. चौथा गिअर, चाळीस.

४ नोव्हेंबर, संध्याकाळी
दतिया आणि परत. दीडशे. काटा हलला नाही. एका ऑटोने ओव्हरटेक केलं. मग धानाच्या ट्रॅक्टरने. ट्रॅक्टरवाल्याने वळून बघितलं, दोनदा.
वाटेत डबरा गावाला उत्कर्षच्या कागदावर बेडई, म्हणजे इथली डाळीची पुरी, घेतली. तेलकट झाला, टाकावा लागला.

६ नोव्हेंबर
साडेचारशे झाले. निधीने स्वतःहून विचारलं, गाडी कशी आहे. प्रगती. म्हटलं, लोण्यासारखी. ती म्हणाली, नाही, आमच्या मामाने तुला डबऱ्याजवळ पाहिलं. त्याला वाटलं इंजिन बंद पडलंय आणि तू उतारावरून आणून राहिलायस. धक्का द्यायला उतरणार होता बिचारा.
उत्कर्ष हसला नाही. विचारलं, भाई, दबा रहे हो ना? म्हटलं, हो. हो म्हणायला काय जातं.
संकल्प: काळे ग्लोव्हज घेणे.

७ नोव्हेंबर
नई सडकेच्या बाजारात काळे मिळाले नाहीत. पिवळे घेतले. भांडी घासायचे आहेत असं निधी म्हणते. तिला गाड्यांतलं काय कळतं.

८ नोव्हेंबर
ऑइल अर्धा लिटर कमी. घातलं. कुणाला सांगितलं नाही. वाढत्या अंगाचं इंजिन आहे, पिणारच.

९ नोव्हेंबर
परत अर्धा लिटर. वाढत्या अंगाचं म्हटलं तरी जास्त होतं. एकच शक्यता उरते. उत्कर्ष ऑइल काढतो. ऑइल सोडायच्या खालच्या बोल्टवर खडूची रेघ मारून ठेवली.

१० नोव्हेंबर
रेघ जशीच्या तशी. ऑइल कमी. म्हणजे काढून झालं की रेघ परत मारतो. डिप्लोमा उगाच नाही मिळत.

१२ नोव्हेंबर
हजार पूर्ण. मालक स्वतः बसले. मुरारच्या रस्त्याला त्यांनी पेडल पूर्ण दाबलं. मागे निळा धूर, एवढा की मागची शाळेची रिक्षा थांबली. मी म्हटलं, पेट्रोल भेसळीचं असेल. मालकांनी गाडी वळवून थेट गॅरेजला आणली. ते बोलतात तेव्हा बरं असतं.

१३ नोव्हेंबर
इंजिन खोललं. सिलिंडर आतून आरशासारखे. माझा चेहरा दिसत होता. मी म्हणालो, बघा, काय चकाकी आणलीय.
उत्कर्षने मला बाजूला घेऊन समजावलं, हळू आवाजात. नव्या सिलिंडरला आतून मुद्दाम बारीक चरे पाडतात. इंजिनवर दाब आला की रिंग त्या चऱ्यांवर घासून बसते. लाडाने एकाच चालीत चालवलं की चरे गुळगुळीत होतात, रिंग बसत नाही, आणि ऑइल वर जाऊन जळतं.
म्हणजे ऑइल कुठे गेलं ते कळलं.
मालकांनी विचारलं, चूक कुणाची. मी खाली बघितलं. हातात पिवळे ग्लोव्हज होते. उत्कर्ष म्हणाला, सर, सिलिंडर की लकीरें मुझसे ही हल्की पड़ गईं.
मालक त्याला दहा मिनिटं मराठीत बोलले आणि वीस मिनिटं हिंदीत. शेवटी म्हणाले, तू इथे थांब आणि परत बांध. गाडी नाही तर नाही, ट्रॅक बघायला धनाजी येईल. निधी काउंटरवरून त्याच्याकडे बघत होती. तसं माझ्याकडे कधी कुणी बघितलेलं नाही.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी
चूक त्याने स्वतः कबूल केलीय. शिकलेला माणूस उगाच कशाला कबूल करेल? विषय संपला.

१४ नोव्हेंबर
विषय संपलेला नाही. त्याच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून ट्रॅकचा फोटो चिकटवलेला असायचा. आज नव्हता.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मालकांच्या साध्या गाडीतून निघालो. पुढची सीट. उत्कर्षने गेटपाशी येऊन स्वतःची टोपी दिली, म्हणाला, वहाँ धूप बहुत होती है.
मुरैन्याला ठरवलं, चंबळचा पूल आला की मालकांना सगळं सांगायचं. पूल आला. पाणी बघण्यात राहून गेलं. मग धौलपूर ठरवलं. धौलपूरला ट्रॅफिक होतं.
मालक म्हणाले, एवढा ट्रॅकला चाललायस, गप्प का रे? म्हटलं, पोट बिघडलंय.
त्यांनी आग्र्याला गाडी थांबवली, स्वतः उतरून दुकानातून गोळी आणली, पाण्याची बाटली उघडून हातात दिली.
घेतली.