दिवाळसणाची सायकल

मार्गशीर्ष वद्य ५, गुरुवार. नांदेड.
आज पुन्हा पडलो. मी शिकवतो त्या सरकारी मदरशाच्या फाटकातच. थांबायला गेलो, पाय खाली सोडला, जमीन काही सापडली नाही. तिसरीची पोरं हसली. सदर मुदर्रिस साहेबांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, ते जास्त लागलं.
लातूरला दिवाळसणाला मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दिलेली सायकल. काळी, चकचकीत, आणि दुकानात होती त्यातली सगळ्यात उंच. मी बुटका आहे हे त्यांना दिसत नव्हतं थोडंच? पण जावयाला बारकी वस्तू द्यायची कशी. "पेठेत नावं ठेवतील की लोक," म्हणाले.

वद्य ६, जुम्मा. सुट्टी.
खोलीत एकटाच. भाकरी जमत नाही, खिचडी केली, खाली लागली.
त्या दिवशीचंच आठवत बसलो. मामांच्या दुकानाच्या ओट्यावरून सायकलीवर चढलो, पेठेत एक चक्कर मारून पुन्हा ओट्यालाच येऊन टेकलो. म्हणून कुणाला कळलं नाही. सगळे वा वा करायला लागले आणि माझी जीभ घसरली. म्हणालो, "मामा, लेकीला न्यायला ह्याच सायकलीवर येतो बघा." मामांनी ते सगळ्या पेठेला सांगितलं. आता बसनं जायची सोय नाही.
म. (पूर्ण नाव लिहायला अजून हात धजत नाही) तेव्हा दाराआड उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. तिला कळलं होतं.

वद्य १२, गुरुवार.
उस्मानभाईंच्या सायकल दुकानात गेलो. सीट पार नळीला टेकवली. तरी नाही. मग पायडलांना लाकडी ठोकळे बांधून दिले. गोदावरीच्या घाटापर्यंत बरं वाटलं. चढावर उजवा ठोकळा निसटून गेला. बाकीचा रस्ता नळीखालून पाय घालून, बारकी पोरं चालवतात तशी. धोतर, टोपी, मास्तर. कोण कोण भेटलं ते लिहीत नाही.

पौष शुद्ध १, सोमवार.
पौष लागला. आता महिनाभर कुणी लेक धाडत नाही. एका परीनं बरं, सवड मिळाली. दुसऱ्या परीनं अख्खा महिना.
तिच्या बांगड्या खुंटीवर राहिल्यात. हिरव्या. वारा आला की वाजतात. फार आठवण येते, झालं, लिहून टाकलं.

शुद्ध १२, जुम्मा.
भाड्यानं मिळतात त्या सायकलींवर ओळीनं बसून पाहिलं. एकीचं हँडल लांब, पाठ वाकते. एकीवर बसलं की गुडघे दुखतात. लातूर म्हणजे काय बाजाराला जाऊन यायचं आहे? दोन दिवसांची वाट. अंगाला बसणारीच पाहिजे.
तिथं काझीसाहेब भेटले. आमच्याच मदरशात उर्दू शिकवतात. माणूस ताडमाड, सायकल हिरवी, नवी आणि बुटकी. पायडल मारताना गुडघे हँडलला लागतात म्हणून फाकवून चालवतात. म्हणाले, "मास्टरसाब, माझी तुम्ही घ्या, तुमची मला द्या. खुदानं पत्ता चुकवलाय दोघांचा."
हसलो. पण बसून पाहिलं. दोन्ही तळवे जमिनीवर, टाचांसकट. हात सहज पोचले. उतरूच नये असं वाटलं.

वद्य ४, जुम्मा.
काझीसाहेबांकडून मागून घेतली, अर्धापूरला जाऊन आलो. केळीच्या बागांतून रस्ता गार. ना पाठ भरली, ना हात बधिर झाले. एका ठिकाणी उगाच थांबलो, नुसता पाय टेकवायला. मागच्या कॅरियरवर म. आहे असं धरून चाललो. "हळू," म्हणते. तिला हळूच आवडतं.
परत आलो तर काझीसाहेब माझ्या सायकलीवरून खाली उतरेनात. म्हणाले, "उधारीची न्याल तर सासुरवाडीत शोभा नाही. बदलूनच टाकू. कायमची."
जीव हो म्हणतो. पण मामा...
मुरूडचे आमचे साडू. त्यांनी मामांनी दिलेली अंगठी मोडून दुसरी केली, बोटाला सैल होती म्हणून. एवढंच. मामांनी थोरलीला वर्षभर सासरी धाडलं नाही. "आमचं दिलेलं ज्याला चालत न्हाई, त्याला आमची लेक कशाला?" माझ्यासमोर सांगितलं होतं हे, हसत.

माघ शुद्ध ३, गुरुवार.
म.चे काका सरकीच्या सौद्याला नांदेडात आलेत. जेवायला बोलावलं. त्यांना करपलेलंच आवडतं असं म्हणाले, भला माणूस.
"दादा रोज विचारायलेत, जावाई कधी येणार. शिवरात्रीच्या जत्रंआधी या म्हनले. सायकलीवर बरं का. समदे वाट बघायलेत."
निघताना चपला घालता घालता हळूच: "पोरीचा बी निरोप हाय. सायकलीवर येऊ नका म्हनं. नुस्तं या म्हनं."
नुस्तं या.

माघ वद्य १०, जुम्मा. अहमदपूर.
सायकल बदलली. काल. काझीसाहेब लांब टांग टाकून निघून गेले, मागं वळूनही पाहिलं नाही. मला मात्र मामांची सायकल वळणाआड जाईपर्यंत पाहावंसं वाटलं.
आज पहाटे निघालो. लोह्याला भाकरी खाल्ली. इथं मठात उतरलोय. अंग दुखत नाही, हेच नवल. स्वामींनी विचारलं, कुठं? म्हणालो, लातूर, मंडळींना आणायला. म्हणाले, मग एवढा गप्प का?

वद्य ११, शनिवार. लातूर.
दिवस कलताना पेठेत शिरलो. पत्र आधीच टाकलं होतं; ओट्यावर मामा, शेजारी दुकानदार, हार तयार. ओट्याला न लागता रस्त्यातच थांबलो. पाय टेकले.
मामा सायकलीकडं बघत राहिले. हार हातातच.
"आमची कुठं हाय?"
खोटं तयार होतं. मोडली, दुरुस्तीला टाकली. पण म्हणालो, "मामा, ती मला मोठी होती. पाय पुरत नव्हते. बदलून घेतली."
मामांनी हार घातला, चार माणसांत घालायचा म्हणून, आणि आत गेले. लिंगपूजेला बसले ते अजून उठले नाहीत. ताटं वाढून झाकून ठेवलीत.
म. पाण्याचा तांब्या घेऊन आली. बारीक झाली आहे. माझ्याकडं पाहिलंच नाही, आधी दाराबाहेरच्या सायकलीकडं, मग माझ्या पायांकडं.
"टेकतेत की," म्हणाली.
मी नुसती मान हलवली.
मग तांब्या परत घेताना ती एवढंच म्हणाली: ट्रंक भरून ठेवलीय, आठ दिवस झाले. पण कुलपाची किल्ली मामांच्या करगोट्याला.