नावाची गाडी आणि अंगाची गाडी

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. स्टेशनवर मला घ्यायला कोणी आलंय, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. आत्या आली होती. लांबूनच ओळखलं, कारण ती बाबांसारखीच एक खांदा पाडून चालते. भर गर्दीत तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि किती वाळलास म्हणाली. मी काही वाळलेलो नाही, मागच्या महिन्यापर्यंत बंदरावर पोती उचलत होतो. पण असं कोणी म्हटलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

बाबा गेल्यावर सातवीतच शाळा सुटली, तेव्हापासून नुसता फिरतोय. होड्या रंगवल्या, ट्रक धुतले, एका सर्कशीत उंटाला पाणी पाजलं. (तो उंट टोप्या खायचा. त्याच्यावर वेगळं पान लिहायला हवं.) आत्याचं पत्र चार पत्ते फिरून मला सापडलं. काम आहे, घरही आहे, ये, एवढंच होतं त्यात.

घर दुमजली. खाली गॅरेज, मागे स्वयंपाकघर, वर खोल्या. मला खिडकीची खोली दिलीय. चादरीला इस्त्री. इस्त्रीच्या चादरीवर झोपायचं कसं, हाच प्रश्न पडला.

शेजारच्या खोलीत दादा, आत्याचा मुलगा. माझ्याहून अकरा दिवसांनी मोठा, म्हणून दादा. दोन वर्षं अंथरुणावर आहे. आधी पाय गेले, मग नजर धुरकट झाली, आणि डॉक्टर म्हणतात आता हृदयही कच्चं. मला पाहून, म्हणजे माझा आवाज ऐकून, हसला. म्हणाला, आला का भिंगरी. लहानपणी माझ्या पायाला भिंगरी म्हणून बाबांनी ते नाव पाडलं होतं. या घरातही ते अजून जिवंत आहे.

आणि गाडी! बसकी, लांब नाकाची, दोन दारांची. तीस वर्षांपूर्वी रस्त्यावर हिला मागे टाकणारं काही नव्हतं म्हणे. दादाची आहे. ती पुन्हा धावती करायची, हे माझं काम.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काका, म्हणजे आत्याचे यजमान, कारखान्यात फिटर होते. मोजकं बोलतात. पहिल्या दिवशी हातात एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि गाडीखाली सरकवलं. टोचत जायचं. टणक आवाज आला तर पत्रा जिवंत. भुसा पडला तर मेला. मी दिवसभर टोचलं आणि केसांत पावशेर गंज घेऊन बाहेर आलो. वरून रंग कसा आरशासारखा, आणि खाली दाराखालचे पोकळ भाग बिस्किटासारखे. गंज आतून खातो, काका म्हणाले. दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

शेजारी ताडपत्रीखाली तशीच दुसरी गाडी आहे. कागदपत्रं हरवलेली, नंबर नाही, पण अंग खणखणीत. कुठल्या तरी कोरड्या गोदामात उभी होती. काका एकीला नावाची गाडी म्हणतात, दुसरीला अंगाची. अंगाच्या गाडीचे चांगले भाग कापायचे आणि नावाच्या गाडीला जोडायचे. मी विचारलं, नवा पत्रा ठोकून घेतला तर? काकांनी मान हलवली. बनावट तीच हवी, साल तेच हवं. बाहेरचा पत्रा बसतो, पण धरत नाही.

जेवताना आत्याने तीन वेळा वाढलं. मग शेजारीण आली, तिच्या मांजरीने सहा पिल्लं दिलीत, ती बघायला गेलो. एक पांढरं पिल्लू फारच गोड होतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज अंगाच्या गाडीचा तळ कापला. ग्राइंडर मीच चालवला. ठिणग्या, जळक्या रंगाचा वास, आणि सबंध तळ एका तुकड्यात निघाला. काकासुद्धा वा म्हणाले.

जोडण्याआधी आत्या खाली आली. हातात पिवळा मेणखडू. म्हणाली, जुने कारागीर आतल्या बाजूला आपलं नाव लिहीत, काम तुझं, तर नावही तुझंच हवं. मी ऐटीत भिंगरी लिहिलं. तिने फडक्याने पुसलं. टोपणनाव नको, खरं लिही, बाबांचं आणि आडनावासकट. लिहिलं. शाळा सुटल्यापासून माझं पूर्ण नाव फक्त एका पोलीस चौकीच्या वहीत होतं. इथे ते एका झकास गाडीच्या पोटात गेलं. दोनदा वाचून पाहिलं, कबूल करतो.

मग वेल्डिंग, वर प्रायमर. शेवटी भोकातून लांब नळी घालून सगळ्या पोकळ्यांत गरम मेण फवारलं. ते फटीफटीत शिरतं आणि हवेला वाट ठेवत नाही. भोकाला रबरी बूच. काका म्हणाले, आता हे पुन्हा उघडायचं नसतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

दादा जिना उतरून खाली आला! एकटा. कठड्याला धरून, पण आपल्या पायांनी. आत्या तिथेच पायरीवर बसून रडली. मी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनाही काही कळेना.

मला जरा थकवा आहे. तळवे बधिर. काल वेल्डिंगचा निखारा पायाखाली आला आणि मला कळलं कशामुळे, तर वासामुळे. दुखलं काहीच नाही. चप्पल कधी निसटते तेही समजत नाही. काका म्हणाले, वाकून काम केल्याने शीर दबली असेल. बोलताना ते हातातला पाना पुसत होते. स्वच्छ होता तो.

पिल्लं बघायला गेलो नाही. जिना जड जातो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

परवा पुढचा भाग बसवला, दोन्ही दिव्यांच्या खोबण्यांसकट. आत नाव लिहिलं, तसंच, पूर्ण. मेण मारलं.

आज पेपर वाचायला घेतला, अक्षरं मुंग्यांसारखी पांगली. वेल्डिंगचा उजेड लागला म्हणे. आत्याने डोळ्यांवर गार फडकं ठेवलं, फार मायेने.

फडकं काढलं तेव्हा समोर दादा बसला होता. आत्याला सुईत दोरा ओवून देत होता. पहिल्याच झटक्यात.

मी फडकं पुन्हा डोळ्यांवर ओढलं. मीच वेडा. कोणाचं बरं झालेलं बघवत नाही मला, असंच म्हणायचं का आता?

शनिवार, २२ फेब्रुवारी

दुपारी जिन्यावर बसलो होतो, खाली उतरायला हिंमत गोळा करत. स्वयंपाकघरात दोघं बोलत होते.

काका म्हणत होते, पाय आले, नजर आली, आता सोड पोराला. आत्या म्हणाली, हृदयाचं काय? काका म्हणाले, तुझ्या सख्ख्या भावाचा मुलगा आहे तो.

आत्या म्हणाली, "म्हणून तर धरतंय."

एवढं शांत. भाजी नीट शिजलीय म्हणावं तसं.

अकरा दिवसांचं अंतर. बनावट तीच, साल तेच. चार पत्ते फिरून पत्र. इस्त्रीची चादर —

गॅरेजमध्ये सरपटत गेलो. बूच उपसलं, तार घातली, खरवडलं. नुसतं मेण निघतं. नाव त्याच्या मागे आहे, बंद. वेल्डिंग मीच केलं. चांगलं केलं.

इंजिन राहिलंय. त्याच्यावर अजून नाव नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

पळालो. म्हणजे फाटकापर्यंत. पाय कुठे पडतात दिसत नाही, कळतही नाही. पडलो.

दादा धावत आला. धावत. मला उचललं लहान मुलासारखं. त्याच्या छातीला कान लागला, आत ठोका चुकत होता, चुकत होता. विचारलं, तुला माहीत होतं?

तो मला घेऊन घराकडे वळला. मग म्हणाला, "भिंगरी, तू तसाही कुठे टिकत नव्हतास."

लहानपणी एका ताटात जेवलोय आम्ही.

त्याने मला खोलीत ठेवलं आणि दार ओढून घेतलं. बाहेरून कडी.

सोमवार, २४

गॅरेजमध्ये आणून बसवलंय. इंजिन साखळीला टांगलेलं आहे, हलतं, आवाजावरून कळतं. बाकी सगळं राखाडी.

तीनदा हातात खडू दिला. तीनदा टाकला. मी लिहिल्याशिवाय त्यांचं काही चालत नाही. हे एकच माझ्याकडे —

काका रडत होते बहुतेक. निघून गेले.

आत्या शेजारी बसली. केसांतून हात फिरवला. म्हणाली हरले मी, जा तू. वही आणि पेन्सिल हातात दिली. कोणाला बोलवायचं त्याला चिठ्ठी लिही, आत्ता पाठवते म्हणाली.

ट्रकवाला उस्ताद. दोन वर्षं त्याच्याकडे होतो. तो येईल. तो कोणालाच वाऱ्यावर सोडत नाही —

उस्ताद, मला घेऊन जा इथून. डोळे गेलेत, अक्षर वाकडं येईल. वही आज फार गार आहे. पान उलटतच नाही. पेन्सिल जाड, चिकट, मेणासारखी —

आत्या म्हणते घाई कर, माणूस दारात थांबलाय.

उस्ताद, तू मला भिंगरी म्हणूनच ओळखतोस. पण इथे येऊन विचारशील तेव्हा खरं नाव लागेल, पूर्ण, बाबांचं आणि आडनावासकट. लिहून ठेव. माझं नाव