फोनवरची ती बाई

१४ मार्च

ताई,

साष्टांग नमस्कार लिहिला की तू हसतेस, म्हणून नुसता नमस्कार. मी बरी आहे, खोकला गेला. भावोजींनी पाठवलेला भाचीचा फोटो पाहिला. समोरचे दात पडून पार बोळकी झालीय!

मी अजून दवाखान्यात फोनवरच आहे. दिवसभर पेशंटना वेळा द्यायच्या. बैठं काम म्हणून तुला वाटेल आराम आहे, पण संध्याकाळी जीभ दुखते गं.

सुरुवातीला माझं बोलणं ऐकून लोक म्हणायचे, "दुसऱ्या कोणाला तरी द्या." इथली भाषा आपण शाळेत शिकलो तशी, इस्त्रीची बोलायचे मी. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंची नक्कल सुरू केली. त्या शब्दाचं शेपूट लांबवतात आणि मधली अक्षरं गिळतात. आधी हे फक्त फोनवर होतं. आता भाजीवाल्याशी, खिडकीतल्या मांजराशी, सगळीकडे तोच हेल निघतो. मध्ये एक आजोबा म्हणाले, "आमच्याच गल्लीतली दिसतेस." मी दिवसभर सांगत सुटले.

सोमवारी तू दवाखान्यात फोन केलास. मी आठवडाभर मोबाइल उचलत नव्हते, तू तरी काय करणार! इथल्या भाषेत सगळं लिहून घेऊन वाचत होतीस. मध्येच पान उलटल्याचा आवाज आला. "माझी धाकटी बहीण तिथे काम करते. तिला सांगा, आईची नजर गेली. ती आता आवाजावरून माणसं ओळखते. रोज धाकटीची आठवण काढते."

फोनवरची ती बाई म्हणाली, "ती रजेवर आहे. निरोप देते."

ताई, ती बाई मी होते.

तुला मी पहिल्या शब्दाला ओळखलं. तूही ओळखशील म्हणून थांबले. तू मला मॅडम म्हणालीस, दोनदा आभार मानलेस. मग "अगं ताई" म्हणायला तोंडच उघडेना. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण होतं? म्हटलं, राँग नंबर. आणि पुढचा फोन घेतला.

तुला राग येईल, यायलाच हवा. पण मी आईला टाळते ते कामामुळे नाही. मागच्या वेळी तासभर तिच्याशी मराठीतच बोलले, पण हेल इथलाच निघाला असणार, कारण शेवटी ती म्हणाली, "तुम्ही छान बोलता हो. आता जरा माझ्या मुलीला द्या ना फोन." तेव्हापासून माझी हिंमत होत नाही. फार थकलेय मी, ताई.

हे तुला फोनवर सांगितलं असतं, पण मग पुन्हा तीच बाई बोलली असती.

पत्र मिळालं की नुसता मेसेज कर, येणाऱ्या रविवारी सकाळी मी फोन करीन. मोबाइल आईच्या कानाशी धर. तिने नाही ओळखलं, तर मध्ये पडू नकोस, "धाकटी आहे" असं सांगू नकोस. मी बोलत राहीन.

आईला नमस्कार सांग. नको, राहू दे. तो मीच सांगते.

तुझी,
धाकटी