शुक्रवारपर्यंत एक नाव

प्रिय ब्रॉनी,

अंड्यांचं रिकामं खोकं टेगनच्या हाती परत पाठवतेय, त्यातच हे पत्र ठेवलंय. फोन करणार होते. पण हल्ली फोन कानाला लावला की कोणी उचलायच्या आधीच मला ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं ऐकू यायला लागतं आणि डोकं उठतं. शिवाय फोनवर मी चिडते. लिहितानाही चिडणारच आहे म्हणा, पण निदान तुला मध्येच उठून चहा तरी ठेवता येईल.

आधी बातमी सांगते. विमा कंपनीनं कळवलंय, शुक्रवारपर्यंत एक नाव द्या. पुरानं खराब झालेलं घर कोणाकडून दुरुस्त करून घेणार, त्या कंपनीचं नाव. नाही दिलं तर त्यांनी ठरवलेली रक्कम घ्यायची आणि पुन्हा दारात यायचं नाही. पूर आला तेव्हा अंगाची लाही होत होती, आता सकाळी कॅरॅव्हानच्या, या चाकांवरच्या खोलीच्या, काचा आतून ओल्या होतात आणि मी दोन स्वेटर घालून माझ्याच अंगणात, माझ्याच घराकडे बघत बसलेली असते. सगळं भिजत घोंगडं पडलंय. एक नाव लिहायला काय जातं, असं ग्लेन पर्थहून विचारतो. काय जातं ते त्याला कसं सांगू? ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि आमचं तर बुडालेलं.

पहिली कंपनी विमेवाल्यांनीच पाठवलेली. त्यांचा माणूस आला, भिंतीला दोन सुया टोचल्या, हातातल्या यंत्राकडे बघून गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, ओल आहे. अरे बाबा, या खोलीत वळचणीपर्यंत नदी उभी होती, ओल नसणार तर काय धुरळा असणार? मग खोल्याखोल्यांत मोठमोठे पंखे आणून लावले. आठवडाभर घर नुसतं घोंघावत होतं. पुढे जनरेटरचं पेट्रोल संपलं आणि पंखे मुके झाले. ते भरायला कोणी आलं नाही, आणि पंखे न्यायला मात्र भलत्याच कंपनीची माणसं आली. म्हणे पंखे आमचे होते. मी फोन केला की दर वेळी नवा आवाज. दर वेळी पहिल्यापासून सांगा: नदी आली, मला छपरावरून बोटीत उतरवलं, वगैरे. आता ती गोष्ट इतकी पाठ झालीय की रडूसुद्धा ठरलेल्या जागीच येतं. शेवटच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बाई, नुकसान नक्की पाण्यामुळेच झालंय ना?

आणि तो त्यांचा नियम! ‘आमची माणसं येईपर्यंत कशालाही हात लावू नका.’ तू त्या दिवशी खाली आली होतीस, युटच्या मागच्या हौद्यात पंप आणि पाइप टाकून, माझ्या व्हर्नचे जुने गमबूट घालून. पाणी अजून गुडघ्याएवढं होतं. स्वयंपाकघर झालं, बोळ झाला, पाणी ओसरत होतं आणि तू त्याच्याबरोबरच चिखल झाडूनं बाहेर ढकलत होतीस. उतरत्या पाण्याबरोबरच चिखल घालवायचा, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एवढ्यात ग्लेनचा फोन. ‘आई, कशाला हात लावू नकोस, क्लेम बाद होईल.’ उंटावर बसून शेळ्या हाकायची याची सवय बापासारखीच. आणि मी शहाणी, तुझ्या हातातून झाडू काढून घेतला. तू पाइप गुंडाळलास आणि गेलीस. त्यानंतर अंडी येतात, टेगन येते, आजीला नॅन नॅन करत माझी बिस्किटं संपवते, तू मात्र येत नाहीस. स्वयंपाकघर आणि बोळ आज खडखडीत वाळलेत. मागच्या दोन खोल्यांत चिखल विटेसारखा बसलाय आणि भिंतींवर काळी बुरशी चढलीय. जा, सांग आता त्या नियमवाल्यांना.

दुसरे आले ते न बोलावता. पुरानंतर आपल्या गावात स्वच्छ गाडी दिसली की समजावं, माणूस बाहेरचा. चकचकीत व्हॅन, छातीवर नावाच्या पट्ट्या, तोंडात साखर. फुकट तपासणी करतो, फक्त इथे स्क्रीनवर बोटानं सही करा. समोरच्या क्लॅरीनं केली. त्याला वाटलं तपासणीची सही, ती निघाली पाडकामाची. क्लॅरीला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं तो ऐकत नाही, त्याचं काय घेऊन बसलीस. त्यांनी आतल्या सगळ्या भिंती उचकटून रस्त्यावर ढीग घातला, विमेवाल्यांकडून आपले पैसे उचलले आणि क्लॅरीच्या दारात पुन्हा फिरकले नाहीत. आता क्लॅरी संडासात बसला की त्याला समोरून रस्ता दिसतो आणि रस्त्याला तो. म्हणतो, ‘नोएलीन, बरंय की, सकाळी सकाळी कोणीतरी हात हलवतं.’ हसतो बिचारा. पण त्या दिवशी मला दाखवत होता, इथे कपाट होतं, इथे बायकोचं, मार्जचं, शिवणाचं मशीन होतं. बोलता बोलता एका खांबाला धरून उभा राहिला. मी त्याला घेऊन आले आणि टोमॅटोचं सूप पाजलं. दुसऱ्या दिवशी त्याच व्हॅनवाल्यांचा माणूस माझ्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, सही देते, आधी ते पांढरे बूट घालून मागच्या खोलीत चालून या. त्यानं बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निघाला.

तिसरी कंपनी ग्लेनची निवड. इंटरनेटवर पाच तारे आहेत म्हणे. तारे कोणी दिले विचारलं तर चिडला. त्यांची बाई आली, खोटं कशाला बोलू, चांगली होती. तिनं बूट काढले नाहीत, पण चिखल लागला म्हणून तोंडही वाकडं केलं नाही. सगळं घर नीट बघितलं. मग म्हणाली, या जुन्या पाइनच्या फळ्या सगळ्या काढू आणि छान प्लास्टरचे तक्ते बसवू, घर नव्यासारखं होईल. ब्रॉनी, तेच तक्ते! नव्या वसाहतीत चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे विरघळले आणि लोकांनी फावड्यानं ओढून काढले, तेच! माझ्या फळ्यांनी व्हर्नच्या बापाच्या वेळचा पूर पाहिलाय, व्हर्नच्या वेळचा पाहिलाय आणि हाही. धुतल्या आणि वाळू दिल्या की पुन्हा ठणठणीत. मी तिला विचारलं, आणि पुन्हा पूर आला तर? ती म्हणाली, तेवढं सोडून बाकी सगळ्याची हमी आहे. मी इतकी हसले की ती घाबरली.

हसले खरी, पण ती गेल्यावर पायरीवर बसले आणि मला कळलं की माझं भांडण फळ्यांचं नाहीच. समजा, जगातली सगळ्यात प्रामाणिक कंपनी आली. समजा, तिनं पंखे वेळेवर लावले, फळ्या जपल्या, फोन उचलला. तरी ती काय करणार? घर होतं तसं करून देणार. होतं तसं, होतं तिथं, नदीच्या तोंडात. आणि त्याखाली मी सही करायची. मला भीती वाटते, ब्रॉनी. हे ग्लेनला सांगितलेलं नाही. पत्र्यावर थेंब वाजले की मी उठून बसते आणि घोटे चाचपून बघते, पाणी आलं का म्हणून. छपरावर बसले होते तेव्हा खाली माझ्या घरातून खुर्च्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज येत होता, तो अजून जात नाही. ग्लेनला सांगितलं तर तो उद्याच मला त्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत टाकेल. बागेचे फोटो पाठवून झालेत त्याचे. तिथे प्रत्येक दाराला सारखाच रंग आहे. दार चुकलं तर मी कोणाच्याही पलंगावर जाऊन झोपेन.

तूही पहिल्याच दिवशी म्हणाली होतीस, ‘नोएलीन, वर चला, टेगनच्या खोलीत राहा.’ मी नाही म्हटलं. तुला वाटलं असेल, म्हातारीचा ताठा. होताच. पण दुसरंही होतं. ज्या घरातून माझा पोरगा उठून गेला, त्याच घरात मी पिशवी घेऊन शिरायचं, तुझ्या टेबलाशी बसून तुझ्या हातचं खायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. कोणत्या तोंडानं? मदत केंद्रावरच्या बाईनं विचारलं, ब्रॉनी तुमची कोण? मी म्हटलं, सून. मग आठवलं, म्हणून ‘होती’ म्हटलं. मग माझाच मला राग आला आणि पुन्हा ‘आहे’ म्हटलं. तिनं तिसऱ्यांदा खोडलं आणि ‘ओळखीची’ असं लिहिलं. ओळखीची! व्हर्नच्या आजारपणात त्याची दाढी कोण करत होतं, हे त्या बाईला काय माहीत.

आता दुसरी बातमी. गेल्या आठवड्यात पॅस्को मंडळींचं घर गेलं. वाहून नाही, ट्रकवर. अख्खी गल्ली चहाचे मग घेऊन बघायला उभी. जॅक लावून घर खांबांवरून उचललं, मधोमध कापलं आणि अर्धं अर्धं ट्रकवर चढवलं. खिडकीतले पडदे तसेच. एक माणूस काठीनं विजेच्या तारा वर धरत पुढे, कुत्री भुंकत मागे, आणि घर चाललंय आपलं डुलत डुलत टेकडीकडे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. घर नेणारा लेस हॅनिगन म्हणजे नुसती बडबडीची गिरणी. म्हणे एकदा घर नेलं तर आत मांजर झोपलेलं, ते नव्या जागीच जागं झालं. थापाड्या मेला. पण वळणावर घर दिसेनासं झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला मात्र रडू फुटलं. मला त्या घराचा हेवा वाटला. माणसाचा हेवा करून झालाय माझा आयुष्यात बऱ्याचदा, घराचा हा पहिलाच.

तर आता मुद्द्याचं सांगते, चहा निवला असेल तर दुसरा ठेव. शुक्रवारी मी कोणाचंच नाव देणार नाही. विमेवाल्यांची रक्कम घेणार आणि लेसला देणार. तो काल घराखाली सरपटत जाऊन आला. तुळया शाबूत आहेत, फळ्या आहेत तशाच येतील म्हणाला, फक्त आधी मागच्या खोल्यांतला चिखल काढा, त्याचं वजन ट्रकला नको. पाइप तुझ्याकडे आहे. झाडू मी देते, परत काढून घेणार नाही. मग त्यानं विचारलं, घर न्यायचं कुठे? आणि माझ्या तोंडून निघून गेलं: वर टेकडीवर, टॅलोवुड रोडला, माझ्या सुनेच्या रानात, वरच्या कोपऱ्यात जुनी टाकी आहे तिथे. तुला न विचारता. ते रान ग्लेनचं नाही, तुझ्या बापाचं आहे, आणि माझा त्यावर काडीचाही हक्क नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मी तुझ्या टेबलाशी येणार नाही, माझं टेबल माझ्याबरोबर येतंय. कौन्सिलच्या परवानगीचं मी बघते, फॉर्म भरण्यात आता माझा हात कोणी धरणार नाही. जागेचं भाडं घे, नाहीतर मी यायची नाही. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण. चिडेन, रडेन, क्लॅरीला शिव्या देईन, पण अंड्यांचं खोकं पुसून पाठवत जाईन. आणि हो म्हणणार असलीस तर एवढंच सांग, कारण लेसनं पुढचा प्रश्न विचारला, तो मी तुलाच विचारते. तो म्हणाला, बाई, दार कुठल्या बाजूला ठेवू? ब्रॉनी, रस्त्याकडे ठेवायला सांगू, की तुझ्या स्वयंपाकघराकडे?

कागदावर ओळखीची, बाकी तुझीच,
नोएलीन